भाचरं आली की नानकटाई

दर मे महिन्यात माझ्याकडे तीन भाचरं राहायला येतात, आणि दर मे महिन्यात आमच्या सांगलीत तूप बरणीत पाण्यासारखं डचमळत असतं. नानकटाईच्या दृष्टीने हा योग फारसा बरा नाही. मुलं हाताशी असतात तेव्हा तूप हाताशी नसतं, आणि दिवाळीनंतर थंडीत तूप छान थिजतं तेव्हा मुलं आपापल्या शाळेत.

पहिल्या वर्षी मला हे कळलं नव्हतं. मोठ्या उत्साहाने पातळ तुपात पीठ कालवलं, मुलांनी गोळे वळले, ट्रे ओव्हनमध्ये गेला. आत जाताना त्यावर बारा गोळे होते, बाहेर आलं ते एकच काहीतरी होतं. धाकटीने ओट्याशी स्टुलावर चढून बघितलं आणि विचारलं, "मामा, थालीपीठ केलंस?" आई आतून म्हणाली, "तूप थिजल्याशिवाय परातीला हात लावायचा नसतो." हे तिने आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण आमच्या आईचा स्वभाव तसा नाही.

तेव्हा या लेखातलं निम्मं तुपाबद्दल आहे. उरलेलं मुलांकडून काय करून घ्यायचं, काय नाही, आणि ओव्हनशी कसं वागायचं याबद्दल.

नानकटाईच का

केक मुलांना जास्त आवडतो, पण त्यात त्यांना करायला काही नसतं. मिश्रण ढवळलं, ओतलं, संपलं. नानकटाईत चाळणं, फेसणं, वळणं, दाबणं, चारोळी लावणं असं प्रत्येकाच्या वाट्याला येईल एवढं काम असतं. अंडं नसल्यामुळे सगळ्या घरात चालते. शिवाय टिकते.

आमच्या लहानपणी ती घरी भाजत नसत. मैदा, पिठीसाखर आणि तूप मोजून घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीत जायचं, आपला नंबर लागेपर्यंत बाकड्यावर बसून राहायचं. भट्टीवाला आपल्यासमोर तूप फेसायचा, लाकडाच्या भट्टीत लांब दांड्याच्या फळीने ट्रे सरकवायचा, आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा कापडात गुंडाळून घरी यायचा. सायकलच्या कॅरिअरवरचा तो गरम डबा धरून मागे मागे चालणं हे माझं काम. तूप घरचं असल्यामुळे कुणाची नानकटाई चांगली झाली यावरून वाड्यात थोडं राजकारणही चालायचं.

ही मूळची सुरतेची. तिथे डच व्यापाऱ्यांची बेकरी होती, ते गेल्यावर ती दोतीवाला या पारशी कुटुंबाकडे आली आणि त्यांच्याकडून नानकटाई पसरली, असं सुरतेत सांगतात. नावातलं 'नान' हे फारसी, म्हणजे रोटी. पुढच्या 'कटाई'बद्दल, म्हणजे 'खताई'बद्दल, मात्र जितकी तोंडं तितकी मतं.

साहित्य

साधारण 24 नगांसाठी:

मैदा 150 ग्रॅम
बेसन 50 ग्रॅम
बारीक रवा 25 ग्रॅम
पिठीसाखर 100 ग्रॅम
साजूक तूप, थिजलेलं, 120 ग्रॅम
बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा
खाण्याचा सोडा दोन चिमटी
मीठ एक चिमूट
वेलदोड्याची पूड अर्धा लहान चमचा, थोडं जायफळ
वर लावायला चारोळी किंवा पिस्त्याचे काप

मापं ग्रॅममध्ये दिली आहेत ती मुद्दाम. आमच्या घरात तीन वाट्या आहेत आणि तिन्हींत मावणारं पीठ वेगळं. स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा डिजिटल काटा फार महाग नसतो, आणि त्याचा खरा फायदा असा की आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तो हातात दिला की ते तासभर गुंतून राहतं. काटा 149 वर अडकला की चिमटीने मैदा टाकून 150 करण्यात जे समाधान असतं ते मोठ्यांनाही कळेल.

यातल्या प्रत्येक पिठाचं काम वेगळं आहे. मैद्याने नानकटाई बांधली जाते, पण नुसता मैदा घेतला तर ती बेकरीतल्या स्वस्त बिस्किटासारखी लागते. बेसनात मैद्यासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ती तोंडात विरघळते आणि वासही छान येतो. रव्याने दाताखाली किंचित खरखर येते. बेसनाचा कच्चा वास आवडत नसेल तर ते मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडंच परतून घ्या. मात्र नंतर पूर्ण गार होऊ द्या, कोमट बेसन तुपात पडलं की तूप वितळलंच.

साखर पिठीच हवी. दाणेदार साखर तुपात विरघळत नाही, भाजताना मात्र वितळते आणि नानकटाई पसरते. घरी दळली तर चाळून घ्या.

तुपाऐवजी लोणी चालेल का, असं हमखास विचारलं जातं. बाजारच्या लोण्यात साधारण सोळा टक्के पाणी असतं, आणि मैद्याला पाणी मिळालं की तो चिवट व्हायला लागतो. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, म्हणून तुपाची नानकटाई खुसखुशीत. लोण्याचं बिस्किटही चांगलं लागतं, पण ते वेगळं बिस्किट. बेकऱ्यांमध्ये पूर्वी सर्रास वनस्पती तूप वापरत, कारण ते उन्हाळ्यातही घट्ट राहतं आणि आकार मोडत नाही. घरी कशाला वापरायचं ते? चवीला साजूक तुपाच्या जवळपासही येत नाही.

तूप

आता मुख्य गोष्ट. तूप कसं हवं? बोट दाबलं तर खड्डा पडावा आणि तो तसाच राहावा. बोट अडलं तर तूप फार घट्ट, खड्डा भरून आला तर फार मऊ. थंडीत बाहेर ठेवलेलं तूप बहुधा बरोबर याच अवस्थेत असतं. उन्हाळ्यात असं करा: पातळ तूप वजन करून रुंद तोंडाच्या भांड्यात काढा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दर दहा मिनिटांनी चमच्याने हलवा, नाहीतर कडेचं दगड होतं आणि मधलं पातळच राहतं. साधारण अर्ध्या-पाऊण तासात ते मलमासारखं होतं. तेव्हाच काढा. विसरलात आणि पार दगड झालं, तर गॅसवर अजिबात ठेवू नका. बाहेर ठेवून वाट बघा, मे महिन्यात पाच-दहा मिनिटंही लागणार नाहीत.

रवाळ तूप कौतुकाचं असतं, पण इथे तुपातल्या त्या कणांचा उपयोग नाही. फेसताना ते मोडावेच लागतात.

फेसायला परात घ्या आणि परातीखाली ओलं फडकं घाला, म्हणजे ती फिरत नाही. उन्हाळ्यात परात आधी पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली तर उत्तम. मावत नसेल तर पसरट पातेलं चालेल. तूप घालून तळहाताच्या फुगवट्याने एकाच दिशेने गोल घासत राहायचं. दोन-तीन मिनिटांत पिवळेपणा कमी होतो. मग पिठीसाखर दोन हप्त्यांत घालायची आणि आणखी सहा-सात मिनिटं फेसायचं. रंग पांढरट, पोत दह्याच्या घट्ट चक्क्यासारखा, आणि हाताला हलकं लागलं पाहिजे. आई यासाठी अजूनही जुनी खूण वापरते: फेसलेल्या तुपाचा हरभऱ्याएवढा थेंब पाण्याच्या वाटीत टाकायचा. तरंगला तर झालं. तूप तसंही पाण्यापेक्षा हलकंच असल्यामुळे न फेसलेलं तूपही तरंगेल, हे मी तिला एकदा सांगून बघितलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर मी तो विषय काढलेला नाही. तुम्ही रंग आणि पोत बघा.

फेसण्याने तुपात बारीक हवा कोंडली जाते, आणि तीच पुढे ओव्हनमध्ये नानकटाई फुलवते. सोडा तिच्या मदतीला असतो. सोडा जास्त घालून फेसणं वाचवायचा प्रयत्न करू नका, जिभेला साबणासारखी चव लागते.

उन्हाळ्यात हाताच्या उबेनेही तूप सुटायला लागतं. चकाकी दिसली की समजायचं, सुटतंय. लगेच परात पाच मिनिटं फ्रीजमध्ये. फेटायचं इलेक्ट्रिक यंत्र असेल तर त्याने तीन मिनिटांत काम होतं आणि उबेचा प्रश्न येत नाही. मी मेमध्ये तेच वापरतो. आईसमोर नाही.

पीठ आणि माणसं

आता मुलांना बोलवा. आधी बोलावलं तर फ्रीजमधल्या तुपाची वाट बघून ती कंटाळतात आणि ऐन वेळी खाली खेळायला गेलेली असतात.

आमच्याकडची वाटणी अशी. वजनं नऊ वर्षांच्या भाच्याकडे. मैदा, बेसन, सोडा, बेकिंग पावडर, मीठ एकत्र दोनदा चाळायचं काम बाबांकडे, म्हणजे मुलांच्या आजोबांकडे, कारण ते वर्तमानपत्र पसरून शांतपणे बसतात आणि सांडत नाहीत. रवा चाळणीत अडकतो, तो नंतर वरून मिसळायचा. थोरली तेरा वर्षांची आहे, तिच्याकडे ओव्हनचं घड्याळ. चार वर्षांच्या धाकटीकडे चारोळीची वाटी. तिच्या वाट्याला थोडी जास्तच चारोळी द्या, निम्मी तोंडात जाते.

एक गोष्ट मात्र आधीच बजावून ठेवा: कच्चं पीठ चाटायचं नाही. कच्च्या मैद्यात जंतू असू शकतात, भाजल्यावरच ते मरतात. मुलं ऐकत नाहीत, म्हणून मी वाटीत थोडी पिठीसाखर वेगळी काढून ठेवतो.

फेसलेल्या तुपात चाळलेली पिठं, रवा, वेलदोडा आणि जायफळ घाला. आता कणकेसारखं मळायचं नाही. बोटांच्या टोकांनी हलकेच गोळा करत जायचं. सुरुवातीला भुरभुरीत वाटतं, धीर धरा, दोन मिनिटांत जमून येतं. मुठीत दाबलेला गोळा दुभंगत असेल तर लहान चमचाभर तूप वाढवा, दूध नको. हाताला चिकटत असेल तर मैदा ओतायची घाई करू नका, आधी परात दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून बघा. बहुतेक वेळा दोष पिठाचा नसतो, उकाड्याचा असतो.

गोळे 18 ग्रॅमचे, म्हणजे मोठ्या पेढ्याएवढे. सगळे सारखे हवेत, नाहीतर लहान जळतात तेव्हा मोठे कच्चे असतात. इथे काटा पुन्हा उपयोगी पडतो. गोळा वळून दोन तळव्यांत किंचित चपटा करायचा, मध्ये अंगठ्याने हलका खळगा, त्यात चारोळी. चारोळी नुसती ठेवली तर भाजताना गळते, दाबून बसवा. मुलांचे अंगठे या कामाला अगदी मापाचे असतात.

ट्रेवर बटर पेपर घाला आणि दोन नानकटायांमध्ये दोन बोटं जागा सोडा. उन्हाळ्यात भरलेला ट्रे पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय ओव्हनमध्ये जाऊ देऊ नका. तेवढ्या वेळात ओव्हन तापतो.

भाजणं

ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, असेल तर खालची-वरची दोन्ही दांडकी लावून 160 अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा. मायक्रोवेव्ह असेल तर त्यात कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवा फिरवून भाजायची, सोय हवी. नुसत्या मायक्रोवेव्हवर नानकटाई भाजली जात नाही.

चकलीचा पहिला घाणा जसा चाखून बघायचा असतो, तशी आधी एकच नानकटाई भाजून बघा. पसरली तर उरलेल्या पिठात दोन चमचे मैदा घाला. दगडासारखी राहिली आणि भेगा पडल्याच नाहीत, तर तूप कमी झालंय. घरगुती ओव्हनची बटणं दहा-वीस अंश इकडे तिकडे खोटं बोलतात, तेही या एका नगात उघडकीला येतं.

मग ट्रे मधल्या कप्प्यात, 18 ते 20 मिनिटं. पहिली बारा मिनिटं दार उघडायचं नाही. मुलांना काचेतून बघू द्या, पण हातभर अंतरावरून, काच चांगलीच तापते. दहाव्या मिनिटाच्या आसपास गोळे बसतात, मग फुगतात आणि वर भेगा पडतात. वरचा थर आधी सुकून घट्ट होतो आणि आतलं पीठ अजून फुगत असतं, म्हणून तो तडकतो. आमच्याकडे हा क्षण आला की घरात "फुटली, फुटली" असा ओरडा होतो.

रंगाची वाट बघू नका, नव्या माणसाची चूक इथेच होते. नानकटाई वरून जवळजवळ पांढरीच राहते. चमच्याने एक उचलून बघा, तळ फिकट बदामी दिसला की काढा. काढल्यावर ती मऊ लागेल आणि वाटेल, कच्ची राहिली. नाही राहिलेली. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, मग जाळीवर पूर्ण गार करा. गरम उचलली तर भुगा होतो. मध्येच वीज गेली तर दार बंदच ठेवा, आतली उष्णता बराच वेळ पुरते. बऱ्याचदा तेवढ्यावरच भाजून होते.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची जुनी कढई घ्या. तळाला बोटभर जाड मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग ताटलीत पाच-सहा नानकटाया ठेवून आच अगदी मंद करा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. उष्णता खालूनच येत असल्यामुळे वर रंग येणारच नाही, तळ बघूनच काढा. नॉनस्टिक भांडं यासाठी वापरू नका. मीठ गार करून बरणीत भरा, पुढच्या वेळी तेच वापरता येतं.

गोव्याची बोलिन्हा

दुसऱ्या दिवशी मुलं पुन्हा विचारतातच, "आज काय?" तेव्हा मी बोलिन्हा करतो. गोव्यात ख्रिसमसच्या फराळात, म्हणजे कुस्वारात, नेवऱ्या आणि दोदोलाच्या जोडीला ही रवा-खोबऱ्याची बिस्किटं असतात. यात अंड्याचा बलक लागतो. आणि रात्रभराची वाट.

संध्याकाळी 200 ग्रॅम साखरेत अर्धी वाटी पाणी घालून एकतारी पाक करा. हे मोठ्यांचं काम, मुलं स्वयंपाकघराबाहेर. त्यात एका मध्यम नारळाचं बारीक वाटलेलं खोबरं घालून चार-पाच मिनिटं शिजवा, मग 250 ग्रॅम बारीक रवा आणि चिमूटभर मीठ. मंद आचेवर कडा सोडायला लागलं की उतरवा, चमचाभर तूप आणि वेलदोडा घाला, गार झाल्यावर झाकून फ्रीजमध्ये ठेवा. रवा रात्रभरात सगळी ओल पिऊन फुगतो. ही पायरी गाळली तर बिस्किट कचकचतं.

सकाळी तीन बलक मिसळा, लहान लिंबाएवढे गोळे करून चपटे करा. आता मुलांना बोलवा आणि काटे हातात द्या: काटा पाण्यात बुडवून आडव्या-उभ्या रेघा दाबायच्या. ही जाळी बोलिन्ह्याची ओळख. 180 अंशांवर साधारण वीस मिनिटं. इथे मात्र रंगाची वाट बघायची, कडा सोनेरी झाल्या पाहिजेत.

आणि कणकेची, गुळाची

मैदा नको असणाऱ्यांसाठी थोडक्यात. कणीक 200 ग्रॅम, गुळाची पावडर 90, थिजलेलं तूप 100, पाव चमचा सोडा, सुंठ, भाजलेले तीळ. तूप-गूळ फेसून कणीक मिसळा. कणकेतला कोंडा ओल ओढतो म्हणून इथे दोन-तीन मोठे चमचे दूध लागतं. अर्ध्या सेंटिमीटरची जाड पोळी लाटून वाटीने किंवा साच्याने कापा, 165 अंशांवर पंधरा मिनिटं. गुळामुळे लवकर काळवंडतात, बाराव्या मिनिटापासून लक्ष ठेवा. मुलं यातून हत्ती, घर, विमान असं काहीही कापतात. हत्तीची सोंड आधी जळते, ती जरा जाड ठेवा.

डबा

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, उरलेल्या वाफेने सादळतात. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात नानकटाई दोन-तीन आठवडे छान राहते, बोलिन्हा आठवडाभर. पावसाळ्यात सादळलीच तर 150 अंशांवर पाच मिनिटं ठेवून गार करा, पुन्हा कुरकुरीत होते.

भाचरं परत जाताना ताईसाठी डबा द्यायचा असतो. एसटीच्या धक्क्यांत नानकटाई मोडते, म्हणून उभी रचा, नाण्यांच्या चवडीसारखी, थरांमध्ये बटर पेपर घाला आणि वरची मोकळी जागा कागदाचे बोळे कोंबून भरा. हलवून बघा, आवाज आला नाही पाहिजे. रचताना फुटलेल्या आणि चारोळी गळलेल्या बाजूला काढायच्या. त्या बाबांच्या चहासाठी. हल्ली त्या दरवर्षी थोड्या जास्तच निघतात, आणि डबा भरायला बाबा स्वतःहून पुढे येतात.